अमेरिकन कॉलेजच्या स्विमिंग कोचला ई-मेल: २२ पाठवले, उत्तर नाही. मसुदा बघाल का?

माजिवड्याची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी अकरावी सायन्सला, स्टेट बोर्ड. बारावी २०२७ मध्ये. सराव ठाण्याच्या मारोतराव शिंदे तरण तलावावर, मुख्य प्रकार ब्रेस्टस्ट्रोक. ५० मीटर तलावातल्या वेळा: १०० ब्रेस्ट १.१६.८४, २०० ब्रेस्ट २.४६.९०, २०० आयएम (चारही प्रकार एकत्र) २.३५.१०. स्टेटला पदकं आहेत, नॅशनलला फायनल नाही. दहावीला ९१.४० टक्के.

तीन आठवड्यांपूर्वी २२ कोचना मेल केले. एक ऑटो-रिप्लाय आला आणि एकाने ‘फॉर्म भरा’ म्हणून लिंक पाठवली. बाकी शांतता. मेल इंग्रजीत आहे, इथे मराठीत उतरवून देते:

“विषय: स्पोर्ट्स स्कॉलरशिपसाठी विनंती.
आदरणीय सर/मॅडम, आपल्या नामांकित विद्यापीठाबद्दल आम्ही खूप ऐकले आहे. माझी मुलगी वयाच्या सहाव्या वर्षापासून पोहते. ती मेहनती, शिस्तप्रिय व जिद्दी आहे. तिने जिल्हा व राज्य पातळीवर अनेक पदके मिळवली आहेत. सोबत १४ प्रमाणपत्रे जोडली आहेत. तिला पूर्ण स्कॉलरशिप मिळावी ही नम्र विनंती. कृपया योग्य ती कार्यवाही करावी.”

कुठे चुकतंय? स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

लेन_चार

ताई, स्पष्ट सांगायचं तर हा अर्ज झाला, आणि तोही महापालिकेला लिहावा तसा. कोचला त्या मेलमधून एकच गोष्ट हवी असते: ही मुलगी माझ्या टीमला पॉइंट मिळवून देईल का? त्याचं उत्तर तुमच्या मेलमध्ये कुठेच नाही. वेळा तुम्ही इथे आम्हाला सांगितल्यात, कोचला सांगितल्याच नाहीत!

वरून खाली येतो.

पाठवणारा. मेल मुलीच्या स्वतःच्या पत्त्यावरून, मुलीच्या भाषेत जायला हवा. आईबाबांचा मेल आला की कोच पहिला अंदाज बांधतो की मुलीलाच फारसं पडलेलं नाही. सीसीमध्येही तुम्ही नको. पत्ता नाव-आडनावाचा साधा घ्या.

विषय. कोच इनबॉक्स फोनवर बघतो, पहिली चाळीस-पन्नास अक्षरं दिसतात. त्यात बारावीचं वर्ष, प्रकार, वेळ आणि देश बसवा. ‘२०२७, १०० ब्रेस्ट १:१६.८४ लाँग कोर्स, भारत’ (लाँग कोर्स म्हणजे ५० मीटरचा तलाव). झालं. ‘विनंती’ आणि ‘स्कॉलरशिप’ हे दोन्ही शब्द विषयातून काढा.

संबोधन. ‘आदरणीय सर/मॅडम’ दिसलं की हा मेल शंभर ठिकाणी गेलाय हे कळतं. तिकडे ‘कोच’ आणि पुढे आडनाव, एवढंच चालतं. कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक्स वेबसाइटवर स्टाफ डिरेक्टरी असते, तिथे हेड कोच आणि रिक्रूटिंग (नवे खेळाडू निवडणं) बघणारा असिस्टंट कोच या दोघांचे पत्ते मिळतात. दोघांना एकाच मेलमध्ये घाला.

वेळा लिहिण्याची पद्धत. आपण १.१६.८४ लिहितो, तिकडे १:१६.८४ लिहितात. तारीखही तशीच. ०५/११ म्हणजे आपल्याला ५ नोव्हेंबर, त्यांना ११ मे. महिना अक्षरांत लिहा. आणि तलाव ५० मीटरचा की २५ मीटरचा हे प्रत्येक वेळेपुढे यायलाच हवं, नाहीतर आकडा निरर्थक आहे.

प्रमाणपत्रं. एकही जोडू नका. अनोळखी पत्त्यावरून १४ फाइल्स आल्या की मेल थेट स्पॅममध्ये जाऊ शकतो, आणि ‘जिल्हास्तरीय द्वितीय क्रमांक’ कोचला वाचताही येत नाही. निकालाची लिंक द्या. स्विमक्लाउड या पोहण्याच्या निकालांच्या वेबसाइटवर तिचं प्रोफाइल काढा, कोच तिथेच बघतात.

‘मेहनती, शिस्तप्रिय, जिद्दी’ हे सगळेच लिहितात. त्याऐवजी दोन वर्षांपूर्वीची वेळ आणि आजची वेळ शेजारी शेजारी द्या. १:२२ वरून १:१६ वर आलेली मुलगी किती मेहनती आहे ते आकडा सांगतो.

वाशी_टर्न

लेन_चार यांच्याशी सहमत, फक्त एक भर. मेल कसा लिहिला याआधी कोणाला लिहिला हे बघा. ते २२ कॉलेज निवडले कसे? नावं ऐकून निवडली असतील तर मेल कितीही सुंदर लिहा.

पद्धत सांगतो. एक कॉलेज घ्या. ते कोणत्या कॉन्फरन्समध्ये (एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कॉलेजांच्या गटात) आहे ते बघा. त्या कॉन्फरन्सच्या गेल्या फेब्रुवारीतल्या चॅम्पियनशिपचे निकाल काढा आणि महिलांच्या १०० आणि २०० ब्रेस्टमध्ये आठव्या आणि सोळाव्या मुलीची वेळ लिहून घ्या. मुलीची वेळ सोळाव्याच्या आसपास असेल तर कोचला रस वाटेल. आठव्याच्या आत असेल तर तो स्वतः फोन करेल. चोविसाव्याच्याही मागे असेल तर त्या कॉलेजला मेल पाठवण्यात वेळ घालवू नका.

मग रोस्टर, म्हणजे टीमची यादी, उघडा. ब्रेस्टस्ट्रोकवाल्या मुली किती, त्यातल्या ज्युनिअर (तिसऱ्या वर्षाच्या) आणि सीनियर (चौथ्या) किती? यंदा ज्या ज्युनिअर आहेत त्या २०२७ मध्ये बाहेर पडतील, म्हणजे तुमची मुलगी जाईल त्याच वर्षी जागा रिकामी. हीच गोष्ट मेलमध्ये एका ओळीत आली तर कोचला कळतं की हिने आमची टीम खरंच बघितली आहे. ‘आपलं नामांकित विद्यापीठ’पेक्षा ही ओळ शंभर पटींनी बरी.

माजिवड्याची_आई

निकाल बघायला गेले. तिथे १०० ब्रेस्टला सोळावी मुलगी १:०७ ला! आमची १:१६. मग कुठेच जमणार नाही का?

वाशी_टर्न

थांबा थांबा, घाबरू नका. ते यार्ड आहेत. अमेरिकन कॉलेजचा सीझन २५ यार्डच्या तलावात होतो. २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर. म्हणजे त्यांची ‘१००’ ही मुळात ९१.४४ मीटर. शिवाय ५० मीटर तलावात १०० ला एकच वळण, यार्डात तीन. प्रत्येक वळणावर भिंतीला ढकलून पाण्याखाली पुलआउट मिळतो, ब्रेस्टमध्ये त्याचा फायदा मोठा.

ढोबळ हिशेब: लाँग कोर्सची वेळ सेकंदात काढून १.१४ ते १.१५ ने भागा. तुमचे ७६.८४ सेकंद साधारण ६७ वर येतात, म्हणजे १:०७. २०० ब्रेस्ट २:२६ च्या आसपास, आयएम २:१६. म्हणजे तुम्ही उघडलेल्या त्याच कॉन्फरन्समध्ये मुलगी सोळाव्या नंबरच्या आसपास बसते. ते कॉलेज यादीत ठेवा.

फ्रीस्टाइलवाल्यांसाठी जाता जाता: ४०० मीटरच्या जागी तिकडे ५०० यार्ड, ८०० च्या जागी १०००, १५०० च्या जागी १६५०. तिथे नुसता भागाकार चालत नाही, कन्व्हर्जन टूलच वापरा.

लेन_चार

कन्व्हर्ट केलेली वेळ मेलमध्ये घालावी का, यावर माझं मत थोडं वेगळं. कॉलेज निवडताना वापरा, पण मेलमध्ये मूळ वेळच पुढे असू द्या. कोचकडे स्वतःचं टूल असतं. वळणं कच्ची असलेल्या मुलीची यार्डातली खरी वेळ हिशेबापेक्षा मागे पडते, पक्की असतील तर पुढे जाते, आणि हे कोचला पुरतं ठाऊक असतं.

वाशी_टर्न

मूळ वेळ पुढे, हे बरोबर. पण शेजारी ‘अंदाजे यार्ड’ असं लिहून दिलं तर बिघडत काय? ज्या कोचने आजवर परदेशी मुलगी घेतलेलीच नाही त्याला फोनवर वाचताना सोय होते. फक्त ‘अंदाजे’ हा शब्द गाळला की ती खोटी वेळ होते, आणि मग सगळंच संपलं.

लेन_चार

ठीक, ‘अंदाजे’सह चालेल. :) आता पूर्ण मेल. इंग्रजीत मुलीनेच लिहायचा, मी फक्त मजकूर मराठीत देतो. चौकोनातलं दर कॉलेजला बदलायचं.

“विषय: २०२७, १०० ब्रेस्ट १:१६.८४ लाँग कोर्स, भारत

कोच [आडनाव],

मी भारतातल्या ठाण्याची ब्रेस्टस्ट्रोकर. मे २०२७ मध्ये बारावी पूर्ण होईल आणि ऑगस्ट २०२७ मध्ये कॉलेज सुरू करायचं आहे. तुमच्या टीममधल्या [दोन] ब्रेस्टस्ट्रोकर २०२७ मध्ये बाहेर पडत आहेत. [कॉन्फरन्सच्या] २०० ब्रेस्टमध्ये मी स्कोअर करू शकेन असं वाटतं, म्हणून लिहीत आहे.

सर्व वेळा ५० मीटर तलावातल्या:
१०० ब्रेस्ट १:१६.८४ (राज्य स्पर्धा, महिना, वर्ष). अंदाजे यार्ड १:०७
२०० ब्रेस्ट २:४६.९० (तीच स्पर्धा). अंदाजे यार्ड २:२६
२०० आयएम २:३५.१०; अंदाजे यार्ड २:१६
दोन वर्षांपूर्वी १०० ब्रेस्ट: [वेळ]

दहावी बोर्ड परीक्षा ९१.४० टक्के, महाराष्ट्र राज्य मंडळ. अकरावीचे विषय: इंग्रजी, गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. सॅट [महिना] मध्ये. [विषय] शिकायचा आहे. तुमच्याकडचा [विशिष्ट कोर्स किंवा लॅब] त्यासाठी जुळतो.

रेसचा व्हिडिओ: [लिंक]. स्विमक्लाउड: [लिंक]. तुमचा रिक्रूट फॉर्म भरला आहे.

२०२७ साठी तुम्ही ब्रेस्टस्ट्रोकर शोधत आहात का? असाल तर [पुढची स्पर्धा, महिना] झाल्यावर नवीन वेळा कळवते.

[नाव, जन्मवर्ष, उंची, क्लब, क्लब कोचचं नाव आणि मेल, +९१ सह फोन]”

एवढंच. फोनवर दोन-तीन स्क्रोलमध्ये संपायला हवं. शेवटी प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं. ‘कृपया मार्गदर्शन करावे’ लिहिलं की कोचला काय उत्तर द्यायचं तेच कळत नाही.

स्पर्धांची नावं फोडून सांगा. ‘ग्रुप १’ म्हटल्यावर त्यांना काही बोध होत नाही, ‘राज्य अजिंक्यपद, वयोगट १५ ते १७’ लिहा. एसजीएफआयऐवजी ‘राष्ट्रीय शालेय स्पर्धा’ असं पूर्ण लिहा.

आणखी एक बारीक गोष्ट. कॉलेजचं आणि कोचचं नाव वेबसाइटवरून कॉपी करून पेस्ट केलं की त्याच्यासोबत तिथला फाँट, आकार, कधी मागची राखाडी पट्टीही येते. ‘कोच’ काळ्या अक्षरात आणि आडनाव निळ्या मोठ्या अक्षरात, म्हणजे साचा उघडा पडला. कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा किंवा नाव हाताने टाइप करा. पाठवण्याआधी मुलीला मेल मोठ्याने वाचायला सांगा. दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहून गेलेलं असतं ते तेव्हाच सापडतं.

वाशी_टर्न

व्हिडिओबद्दल. ६० ते ९० सेकंद पुरे. फोन आडवा धरून, बाजूने, एक पूर्ण १०० मीटर: स्टार्ट, पुलआउट, वळण, शेवटचे १५ मीटर. मग सरावातलं एक वळण जवळून. गाणं लावू नका, स्लो मोशन नको, सुरुवातीला नाव फिरवत आणणारं ग्राफिक तर अजिबात नको. मुलगी कोणत्या लेनमध्ये आणि कोणत्या रंगाच्या टोपीत आहे ते शीर्षकात लिहा.

यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवा. ‘प्रायव्हेट’ केलं तर कोचला उघडतच नाही. ड्राइव्हची लिंक दिली आणि परवानगी द्यायची राहिली तर तिकडे ‘अ‍ॅक्सेस मागा’ असं पान येतं, आणि कोणी मागत बसत नाही. लिंक आधी दुसऱ्याच्या फोनवर, लॉग-इनशिवाय उघडून बघा.

कोपरखैरणे_बेसलाइन

मुलगा टेनिस खेळतो. हेच सगळं लागू होतं का? आणि भाचा बॅडमिंटनवाला आहे, त्याचं काय?

बेलापूरकर

टेनिसला वेळेच्या जागी यूटीआर (खेळाडूचं रेटिंग). विषयात बारावीचं वर्ष आणि यूटीआर, खाली आयटीएफ (आंतरराष्ट्रीय) ज्युनिअर आणि आयटा (अखिल भारतीय) रँकिंग. व्हिडिओ मात्र थोडा मोठा: आधी सर्व्ह आणि ग्राउंडस्ट्रोक, मग दोन-तीन गेम न कापता. नुसते विनर जोडलेला व्हिडिओ कोच लगेच बंद करतो, त्याला चुकल्यानंतरचा पॉइंट बघायचा असतो. रोस्टरचा हिशेब वर सांगितला तोच.

बॅडमिंटन, क्रिकेट, कबड्डी हे एनसीएएचे (अमेरिकन कॉलेज खेळांची मुख्य संघटना) खेळ नाहीत, त्यामुळे तिथे हा मार्गच नाही. मैदानी हॉकी आहे, पण फक्त मुलींची. स्क्वॉश एनसीएएमध्ये नाही, कॉलेजांची त्यांची वेगळी संघटना आहे आणि तिथे कोच रिक्रूट करतात. रायफल शूटिंग आहे, मुलं-मुली एकत्र.

आता ताईंसाठी पैशांचं, कारण ‘पूर्ण स्कॉलरशिप’ हा शब्द तुमच्या मेलमध्ये आहे. एनसीएएचे तीन स्तर आहेत: डिव्हिजन वन, टू आणि थ्री. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप मुळातच नाही, आयव्ही लीगमध्येही नाही. तिथे मिळते ती मार्कांवरची किंवा घरच्या उत्पन्नानुसार मदत, आणि परदेशी विद्यार्थ्यांना ती बऱ्याच ठिकाणी कमी. डिव्हिजन टूमध्ये स्विमिंगच्या अख्ख्या महिला टीमसाठी मर्यादा ८.१ स्कॉलरशिपची. त्या वीस-पंचवीस मुलींत वाटल्या जातात, म्हणजे पूर्ण क्वचितच. डिव्हिजन वनमध्ये २०२५ च्या कोर्ट सेटलमेंटनंतर ज्या कॉलेजांनी नवी पद्धत घेतली तिथे स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन रोस्टरची मर्यादा आली, म्हणजे टीममधल्या जागाच मोजक्या. तुमच्या वेळांना डिव्हिजन थ्री, टू आणि एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना) हीच खरी जागा. एनएआयए अ‍ॅथलेटिक स्कॉलरशिप देते, तिकडे लोकांचं लक्ष कमी जातं.

म्हणून पहिल्या मेलमध्ये पैसे नकोत. कोचने रस दाखवला की दुसऱ्या किंवा तिसऱ्या संवादात वर्षाला किती खर्च झेपतो तो आकडा सरळ डॉलरमध्ये सांगा. खासगी कॉलेजांत राहण्या-खाण्यासह वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे जाणारी बरीच आहेत. आकडा लपवून सहा महिने मेल करत राहण्यात दोघांचाही वेळ जातो.

कागदपत्रं: एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरला (पात्रता तपासणारं केंद्र) नोंदणी करा. डिव्हिजन वन-टूसाठी सर्टिफिकेशन खातं लागतं, त्याची फी आहे. नक्की ठरलं नसेल तर मोफत प्रोफाइल पेजपासून सुरुवात करा. मिळणारा आयडी मेलच्या सहीत घाला. एनएआयएची नोंदणी वेगळी. डिव्हिजन वन-टूला १६ कोर विषय बघतात: इंग्रजी, गणित, सायन्स, सामाजिक शास्त्र, अशा प्रकारचे. किमान कोर जीपीए (त्या विषयांची ४ पैकी सरासरी ग्रेड) वनला २.३, टूला २.२. तुमच्या मुलीला ते जड नाही. कॉमर्सवाल्यांनी मात्र जपावं, इकॉनॉमिक्स चालतं पण बुककीपिंग सहसा धरत नाहीत. एनसीएए सॅट (प्रवेशासाठीची परीक्षा) मागत नाही, कॉलेज मागू शकतं. आणि टक्क्यांचं जीपीए स्वतः करून मेलमध्ये टाकू नका. ९.५ ने भागून आलेला आकडा तिकडे कोणी ओळखत नाही.

स्टेट बोर्डवाल्यांची खास अडचण म्हणजे शाळा वेगळी आणि ज्युनिअर कॉलेज वेगळं. अमेरिकन कॉलेज नववी ते बारावीची ट्रान्सक्रिप्ट (वर्षवार गुणपत्रक) मागतं. नववी-दहावीची शाळेकडून, अकरावीची ज्युनिअर कॉलेजकडून, दोन्ही लेटरहेडवर सही-शिक्क्यासह. शाळेला नववीचे मार्क शोधायला लावणं हे मेल लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे, आत्ताच सुरू करा. डिव्हिजन थ्रीचा कोच ‘प्री-रीड’ म्हणाला की हीच कागदं पाठवायची असतात. तो ती अ‍ॅडमिशन ऑफिसला दाखवून अंदाज घेतो. बारावी सुरू होतानाच्या जुलैपासून हे चालू होतं आणि अर्ली डिसिजनची (एकाच कॉलेजला बांधील राहून आधी केलेल्या अर्जाची) तारीख बहुतेक १ किंवा १५ नोव्हेंबर. त्या वेळी शाळेच्या मागे लागलात तर उशीर झालेला असेल.

माजिवड्याची_आई

खूप आभार सगळ्यांचे. तीन शंका. एक, ज्यांना आधीच मेल गेलाय त्यांचं काय? दोन, ज्याने फॉर्मची लिंक दिली त्याने आता कॅम्पला बोलावलंय, ही चांगली खूण का? तीन, एक एजंट म्हणतोय की स्कॉलरशिप मिळाली तरच तिच्या रकमेच्या दहा टक्के द्या, आधी काही नको.

लेन_चार

एक: २२ पैकी जी कॉलेज वाशी_टर्न यांच्या चाळणीतून जातील त्यांनाच मुलीच्या पत्त्यावरून नवीन मेल. जुन्या मेलला रिप्लाय नको, माफीही नको. नव्या यादीत ३० ते ४० कॉलेज ठेवा, आठवड्याला पाच-सहा. एकदम चाळीस पाठवले की प्रत्येकाचं रोस्टर बघणं होत नाही. एका शीटमध्ये कॉलेज, डिव्हिजन, सोळाव्या नंबरची वेळ, कोणाला कधी पाठवलं, काय उत्तर आलं, पुढचा मेल कधी, एवढे रकाने पुरे.

दोन: कॅम्पचं आमंत्रण फॉर्म भरणाऱ्या बहुतेकांना जातं. त्यासाठी तिकीट काढू नका. खरी खूण म्हणजे कोच स्वतःच्या शब्दांत, तिच्या वेळेचा उल्लेख करून लिहितो, मार्कशीट मागतो किंवा कॉलची वेळ ठरवतो. फॉर्म मात्र भरा. न भरलेल्या मुली त्यांच्या यादीत दिसतच नाहीत.

तीन: नको. स्कॉलरशिपच्या रकमेवर टक्केवारी घेणारा माणूस एनसीएएच्या नियमात एजंट ठरू शकतो आणि मुलीची पात्रताच धोक्यात येते. ठरावीक फी घेऊन मदत करणारे वेगळे. पण मेल त्यांच्या पत्त्यावरून जात असतील तर तेही नको.

वाशी_टर्न

वेळेचंही बघा. ठाण्यात सकाळी दहाला पाठवलेला मेल न्यूयॉर्कच्या बाजूला मध्यरात्री पडतो आणि सकाळपर्यंत ढिगाखाली जातो. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. कॅलिफोर्नियासाठी तीन तास पुढे. जीमेलच्या शेड्यूल सेंडमध्ये लावून द्या, मंगळवार ते गुरुवार.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉन्फरन्स आणि एनसीएए चॅम्पियनशिप असतात, तेव्हा कोच तलावावरून हलत नाही. त्या महिन्यांतल्या शांततेचा अर्थ लावू नका. एप्रिल-मे चांगले. ‘दहावीनंतरच्या १५ जूनआधी डिव्हिजन वनचा कोच उत्तर देऊ शकत नाही’ हा नियम स्विमिंगलाही आहे, पण तुमच्या मुलीची ती तारीख होऊन गेली, त्यामुळे ती सबब नाही. डिव्हिजन थ्रीला तसं बंधन नाहीच.

उत्तर नाही आलं तर १०-१४ दिवसांनी दुसरा मेल, त्याच मेलला रिप्लाय करून, आणि त्यात काहीतरी नवं असलंच पाहिजे: वेळ, सॅट स्कोअर, व्हिडिओ. ‘माझा मेल पाहिलात का’ एवढंच असेल तर पाठवू नका. नवी वेळ आली की विषयच बदला, ‘अपडेट: १०० ब्रेस्ट १:१५’ असं काहीतरी. तीन मेल झाले आणि तरी काही नाही, तर ते कॉलेज शीटमध्ये लाल करा आणि पुढचं घ्या.

माजिवड्याची_आई

मुलीने आज रोस्टर उघडून बसायला सुरुवात केली आहे. माझा मेल आयडी तिने सगळीकडून काढून टाकला, मला विचारलंही नाही. :)

लेन_चार

मग काम सुरू झालं म्हणायचं. पहिला मेल पाठवण्याआधी इथे टाकायला सांगा, कोच आणि कॉलेजचं नाव झाकून.